जपानी घरातली भीती: कौटुंबिक भयकथांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीच्यांना मी ही पुस्तकं वाचायला देते. पुस्तक परत येतं तेव्हा त्याच्यासोबत प्रश्न येतात. काही रागाने विचारलेले असतात, काही दबक्या आवाजात, आणि एक-दोन तर रात्री साडेअकराला फोनवर. वर्षानुवर्षं तेच ते प्रश्न ऐकल्यावर ते एकदा उत्तरांसकट लिहून काढावेत असं वाटलं. उत्तरं अर्थातच माझ्या वाचनातून आलेली आहेत. कथेचा शेवट जिथे सांगावा लागला आहे तिथे आधी तसं बजावलं आहे.

या कथांमध्ये भूत असतं का?

क्वचित. आणि असलंच तर ते घरातलंच कुणीतरी असतं, ओळखीचं लुगडं नेसून आलेलं. बहुतेक कथांमध्ये मात्र तेही नसतं. एक बहीण मुरंबा करत असते. एक म्हातारे आजेसासरे बागेला पाणी घालत असतात. एक बायको लग्नाआधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी शेजारी ठेवून बघत असते. कुणी ओरडत नाही, रक्ताचा थेंब दिसत नाही, आणि तरी पुस्तक मिटून पाणी प्यायला उठलं की स्वयंपाकघरात शिरण्याआधी दिव्याच्या बटणाकडे हात जातो.

मग भीती नेमकी कशाची वाटते?

हे सांगायला मी नेहमी एका जुन्या आठवणीचा आधार घेते. १९१० मध्ये कुनिओ यानागिता या लोकसाहित्याच्या अभ्यासकाने 'तोनो मोनोगातारी' हे छोटं पुस्तक काढलं. ईशान्य जपानमधल्या तोनो या डोंगरी भागातल्या ऐकीव हकिकती त्यात आहेत. त्यातली बाविसावी अशी: घरातली पणजी वारली आहे. रात्री नातेवाईक जमून बसलेत, झोपलेत. चुलाण्याच्या दोन बाजूंना घरातल्या दोन बायका जाग्या आहेत. एकीच्या शेजारी कोळशाचं भांडं आहे आणि ती अधूनमधून निखाऱ्यांवर कोळसा घालते आहे. मागच्या दाराकडून पावलं वाजतात. बघतात तर वारलेली पणजीच आत येते आहे. कमरेत वाकलेली असल्यामुळे तिच्या किमोनोची कड जमिनीवर लोळायची, म्हणून ती त्रिकोणी दुमडून शिवलेली असायची. आत्ताही ती तशीच आहे. म्हातारी त्या दोघींच्या अगदी जवळून पुढे जाते आणि जाताना तिच्या किमोनोची कड कोळशाच्या भांड्याला लागते. भांडं गोल असतं. ते गरगर फिरतं.

कादंबरीकार युकिओ मिशिमाने या फिरणाऱ्या भांड्यावर फार सुंदर लिहिलं आहे. पणजी दिसली इथपर्यंत आपण म्हणू शकतो की भास झाला असेल. पण भांडं फिरलं म्हणजे ती आली, आपल्या जगातल्या वस्तूला तिचा धक्का लागला. भांडं फिरतं आणि आपल्या पायाखालचं सत्यच तेवढं सरकतं.

मला त्यात अजून एक गोष्ट दिसते. ते भांडं घरकामाचं आहे. त्या दोघी जागरण करतायत, विस्तव राखतायत, म्हणजे गेलेल्या माणसाचंच करतायत. भीती आली ती त्याच कामाच्या वस्तूतून आली. मराठीत 'काळजी' हा एकच शब्द आपण दोन्हीकडे वापरतो: काळजी घेणं आणि काळजी वाटणं. या कथा त्या दोन अर्थांच्या मधल्या अरुंद बोळात घडतात. कुणीतरी कुणाचंतरी मनापासून करत असतं, आणि वाचणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो.

सुरुवात कुठून करू?

योको ओगावापासून. 'द डायव्हिंग पूल' या नावाने इंग्रजीत आलेल्या पुस्तकात तीन दीर्घकथा आहेत. स्टीफन स्नायडर यांचा अनुवाद आहे, साल २००८. ओगावांचा जन्म १९६२ चा, ओकायामाचा. या पुस्तकातल्या मधल्या कथेला, 'प्रेग्नन्सी डायरी'ला, १९९० च्या उत्तरार्धाचं आकुतागावा पारितोषिक मिळालं. जपानी साहित्यात नव्या लेखकासाठी याहून मोठा मान नाही. १९३५ मध्ये सुरू झालेलं हे पारितोषिक वर्षातून दोनदा दिलं जातं.

ही डायरी गरोदर बाईची नाही. तिच्या धाकट्या बहिणीची आहे. आईवडील वारलेत, थोरली बहीण, तिचा नवरा आणि ही धाकटी असे तिघे एका घरात राहतात. प्रत्येक नोंदीवर तारीख आणि कितवा आठवडा, कितवा दिवस ते लिहिलेलं. थोरलीला उलट्यांचा त्रास सुरू होतो, तिला कसलाच वास सहन होत नाही. धाकटी तिच्यासाठी स्वयंपाकघर बंद करते आणि भाताचा कुकर, भांडी सगळं बागेत नेऊन तिथे एकटी जेवते. मग एके दिवशी उलट्या अचानक थांबतात. आता थोरलीला भूक लागते, सारखी, न थांबणारी. धाकटी कामावरून ग्रेपफ्रूट आणते, साली चिरते, साखर घालते आणि मुरंबा शिजवते. थोरली पातेल्यातूनच, गरमगरम, चमच्याने खात सुटते. धाकटी पुन्हा करते. आणि पुन्हा.

वाचताना आपण म्हणतो, किती करते बिचारी बहिणीचं. मग तिला एक जुना कागद आठवतो. परदेशातून आलेल्या ग्रेपफ्रूटवर मारलेल्या औषधाने माणसाच्या गुणसूत्रांना इजा होते, असं त्यावर लिहिलेलं होतं. ती मुरंबा ढवळत राहते.

माझ्या वहिनीच्या बाळंतपणाच्या वेळी मी ही कथा पहिल्यांदा वाचली. वहिनीला आंबट हवं असायचं, म्हणून मी आवळे किसत बसलेले. कथा संपली आणि मी किसणी खाली ठेवली. काही वेळ उचललीच नाही. माझ्या मनात वाईट काही नव्हतं. पण कुणाच्यातरी पोटात जाणाऱ्या गोष्टीवर आपला एवढा हक्क असतो, हे तोवर कधी डोक्यातच आलं नव्हतं.

त्या मुरंब्यात खरंच विष असतं का? (शेवट सांगितला आहे)

कथा सांगत नाही, आणि त्यातच तिची ताकद आहे. कागदावर छापलेलं खरं की खोटं, धाकटीला इजा करायचीच आहे की ती फक्त त्या शक्यतेशी खेळते आहे, बाळाला काही झालं की नाही, यातलं काहीही आपल्याला कळत नाही. शेवटच्या पानावर ती दवाखान्याच्या जिन्याने बाळ बघायला निघते, एवढंच. बाळ बिघडलेलं असणार, असं ती मनाशी धरून चालली आहे. आपण मात्र बाळाला बघत नाही.

जपानी वाचकाला हा कागद ओळखीचा होता. १९७० च्या दशकात अमेरिकेतून येणाऱ्या लिंबूवर्गीय फळांवरच्या बुरशीनाशकावरून तिथे मोठा वाद झाला होता. म्हणजे धाकटीच्या हातात आलेली भीती ही तिने एकटीने रचलेली नाही, ती आधीपासून बाजारात होती. तिने ती फक्त घरात आणून शिजवली.

याच पुस्तकातली पहिली कथाही तितकीच भयंकर आहे का?

माझ्या मते जास्त. आया नावाच्या मुलीचे आईवडील अनाथाश्रम चालवतात. सगळ्या मुलांत ती एकटीच 'खरी' मुलगी, आणि म्हणूनच त्या घरात तिचं वेगळं असं घर नाही. आई सगळ्यांचीच आई. जुन नावाच्या मुलावर तिचा जीव आहे, त्याला पोहण्याच्या तलावात सूर मारताना ती लपून बघत असते. आणि घरी परतल्यावर आश्रमातल्या अगदी लहानग्या रिएला रडवून तिला एक शांत सुख मिळतं. एकदा ती तिला मुद्दाम नासलेला क्रीम पफ खायला देते. पुन्हा तेच बघा: भरवणं.

सासू-सुनेवर काही आहे का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि उत्तर देताना मला मनापासून आनंद होतो, कारण हिरोको ओयामादांची 'द होल'. मूळ नाव 'आना', म्हणजे खड्डा. २०१३ च्या उत्तरार्धाचं आकुतागावा पारितोषिक. डेव्हिड बॉइड यांचा इंग्रजी अनुवाद २०२० चा, पानं शंभरच्या आसपास.

असा नावाच्या तरुणीच्या नवऱ्याची बदली त्याच्या माहेरगावाजवळ होते (मुलग्याचं माहेर म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही, पण इथे तोच शब्द बसतो). सासू म्हणते, आमच्या शेजारचं घर रिकामंच आहे, भाडं नको. असाची कंत्राटी नोकरी सुटते. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, मजा आहे, आता नुसती गृहिणी. कुणीच वाईट नाही. सासू हसतमुख आहे, कामसू आहे, मदत करते. नवरा जेवताना फोनवर बोटं फिरवत असतो, पण तो काही तिला बोलत नाही. आजेसासरे दिवसभर बागेला पाणी घालत असतात आणि हसतात. पाऊस पडत असला तरी पाणी घालत असतात.

एका दुपारी सासूने सांगितलेल्या कामासाठी असा दुकानाकडे निघते. ऊन तापलंय, सिकाडा किड्यांचा आवाज कानात भरलाय. वाटेत तिला एक काळं जनावर दिसतं. कुत्रा नाही, रानडुक्कर नाही, कशातच न बसणारं. ती त्याच्या मागे नदीकाठी जाते आणि एका खड्ड्यात पडते. खड्डा तिच्या छातीपर्यंत येतो आणि अगदी तिच्या मापाचा असतो. तिला लागत नाही. तिथे तसं बरंही वाटतं तिला, थंडगार. मी ही कादंबरी तीनदा वाचली आहे आणि तिन्ही वेळा याच ओळींशी थांबले. तिच्या मापाचा खड्डा तिच्या आधीपासून तिथे तयार होता.

पुढे तिला एक दीर भेटतो. तो घराच्या मागच्या खोपटात वर्षानुवर्षं राहतो, आणि त्याच्याबद्दल नवऱ्याने किंवा सासूने एक शब्दही काढलेला नाही.

भोंडल्याच्या गाण्यातली सून आठवा. ती माहेरी जाऊ का विचारते आणि सासू एकेक काम पुढे सरकवत राहते. तिथे निदान सासू उघड उघड अडवते, आणि आपण फेर धरून तिला नावं तरी ठेवतो. ओयामादांच्या सुनेला कुणी अडवलेलंच नाही. तिला कुठे जायचं होतं हेच ती हळूहळू विसरून गेली आहे.

'द होल'चा शेवट मला कळला नाही. (शेवट सांगितला आहे)

असाला जवळच्या कन्व्हीनियन्स स्टोअरमध्ये नोकरी मिळते. घरी येऊन ती नवा गणवेश घालून आरशात बघते, आणि आरशातला चेहरा तिला सासूसारखा दिसतो. बस. दीर खरा होता की नव्हता, जनावर कुठलं, खड्डे कुणी खणले, याचा हिशोब लेखिका देत नाही. पण सासूही कधीतरी परक्या घरातून इथे आलेली मुलगी होती, हे एवढं लक्षात ठेवून कादंबरी पुन्हा पहिल्या पानापासून वाचा. सासूच्या हसण्याकडे बघा.

नवरा-बायकोच्या नात्यावर कुठली?

युकिको मोतोया यांची दीर्घकथा. इंग्रजीत 'द लोन्सम बॉडीबिल्डर' या संग्रहात 'ॲन एक्झॉटिक मॅरेज' या नावाने आहे, अनुवाद आसा योनेदा यांचा, २०१८. मूळ कथेला २०१५ च्या उत्तरार्धाचं आकुतागावा पारितोषिक मिळालं. फोटो लावता लावता एका बायकोच्या लक्षात येतं की आपला आणि नवऱ्याचा चेहरा सारखा व्हायला लागलाय. मग तिला दिसतं की घरी आल्यावर, कुणी बघत नसताना, नवऱ्याच्या चेहऱ्यावरचं नाक-डोळे जागा सोडून थोडे ओघळतात. बाहेरचं माणूस आलं की ते लगबगीने जागेवर येतात. घरी नवऱ्याला काही विचार करायचा नसतो, चेहराही धरून ठेवायचा नसतो. 'दोघांचं अगदी जमतं हो' असं ज्या जोडप्यांबद्दल म्हटलं जातं, त्यांच्याकडे ही कथा वाचल्यावर मी जरा निरखून बघते.

मूळ नाव 'इरुइ कोन्इनतान' हा लोककथांच्या अभ्यासातला शब्द आहे: माणसाने माणूस नसलेल्या कुणाशी लग्न केल्याच्या कथा. जपानमध्ये अशा पुष्कळ आहेत. सगळ्यात ओळखीची यूकी-ओन्ना, म्हणजे बर्फातली बाई. ती मिनोकिचीला जिवंत सोडते, पुढे माणसाच्या रूपात त्याची बायको होते, दहा मुलांची आई होते, आणि त्याने एकदा जुनी गोष्ट बोलून दाखवली म्हणून निघून जाते. जपानमध्ये स्थायिक झालेले लेखक लॅफ्काडिओ हर्न यांनी १९०४ मध्ये 'क्वाइदान'मध्ये ती इंग्रजीत आणली.

हे सगळं हल्लीचंच आहे की जुनीही परंपरा आहे?

फार जुनी. इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण या कथांची पाळंमुळं न बघता नव्या लेखिका वाचल्या तर त्या नुसत्या विक्षिप्त वाटतात.

१७७६ मध्ये उएदा आकिनारी यांचं 'उगेत्सु मोनोगातारी' आलं. त्यातल्या एका कथेत कात्सुशिरो बायकोला मागे ठेवून व्यापाराला जातो, लढाया सुरू होतात, परतायला सात वर्षं लागतात. रात्री घर गाठतो तर दिवा जळतोय, बायको मियागी वाट बघतेय. दोघं बोलतात, झोपतात. सकाळी त्याला जाग येते ती चेहऱ्यावर पडणाऱ्या दवाने, कारण वर छप्पर नाही. घर कधीचंच मोडून पडलंय. तिने त्याची वाट बघितली, एवढीच तिची भुताटकी.

त्यानंतर १८२५. एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, काबुकी रंगमंचावर चौथ्या त्सुरुया नाम्बोकु यांचं 'योत्सुया काइदान' आलं. ओइवा बाळंतीण आहे, अंगात ताप आहे. नवरा इएमोन मालक नसलेला सामुराई, छत्र्या करून पोट भरतो. शेजारचं श्रीमंत घराणं ओइवासाठी औषध पाठवतं. त्या घराला आपल्या नातीसाठी इएमोन हवा आहे. ओइवा हात जोडते, आभार मानते आणि पुडीतला कण न् कण पाण्यासोबत घेते. तो चेहरा विद्रूप करणारा विषाचा डोस असतो. नंतर ती केस विंचरायला बसते आणि फणीसोबत केसांचे पुंजके निघून येतात. लोकांच्या लक्षात ते केस राहिले. माझ्या लक्षात राहते ती पुडी झटकून झटकून शेवटचा कण घेणारी, उपकार मानणारी बाई. एकशे पासष्ट वर्षांनी ग्रेपफ्रूटचा मुरंबा शिजतो तो त्याच चुलीवर.

आणि १९०८ मध्ये कादंबरीकार नात्सुमे सोसेकी. 'दहा रात्रींची स्वप्नं' या नावाच्या लेखमालेत ती दहा स्वप्नं 'आसाही' वर्तमानपत्रात आली. त्यातलं तिसरं स्वप्न चार पानांचं आहे. एक बाप रात्री शेतांमधून चाललाय, पाठीवर सहा वर्षांचा मुलगा, मुलगा आंधळा. तरी त्याला रस्ता ठाऊक आहे. "बाबा, जड होतंय?" तो विचारतो. बाप म्हणतो, नाही. मुलगा म्हणतो, आता होईल. बापाला त्या मुलाची भीती वाटू लागते, कुठेतरी टाकून द्यावंसं वाटतं. जंगलातल्या एका झाडापाशी मुलगा सांगतो: बरोबर शंभर वर्षांपूर्वी तुम्ही मला इथेच मारलंत. त्याच क्षणी तो पाठीवर दगडाच्या मूर्तीसारखा जड होतो.

अशीच एक लोककथा इझुमो प्रांतात होती, हर्न यांनी १८९४ मध्ये नोंदवलेली. गरिबीपायी मुलं जन्मली की नदीत सोडणारा शेतकरी. पुढे बरे दिवस आले म्हणून एक मुलगा ठेवतो. चांदण्या रात्री त्याला अंगणात नेतो, म्हणतो, काय सुंदर रात्र आहे. आणि तान्हं मूल मोठ्या माणसासारखं बोलतं: मागच्या वेळी मला टाकलंत तेव्हाही रात्र अशीच होती. या कथेमागे खरी उपासमार आहे, खरी टाकलेली मुलं आहेत. सोसेकी स्वतः तान्हेपणी दुसऱ्यांना दिलेले होते. नवव्या वर्षाच्या सुमाराला परत आले, तेव्हा आपल्याच आईवडिलांना ते आजी-आजोबा समजत होते. हे कळल्यावर तिसरं स्वप्न मला पुन्हा वाचवेना. काही महिन्यांनी वाचलं.

जपानमध्येच घरावर एवढ्या भयकथा का?

'जपानमध्येच' म्हणता येणार नाही, पण तिथे कारणं ठळक आहेत. 'इए' या जपानी शब्दाचा अर्थ इमारतही आणि घराणंही, आपल्या 'घर' शब्दासारखाच. 'मोठ्या घरची मुलगी' म्हणताना आपण खोल्या मोजत नसतो. १८९८ च्या नागरी कायद्याने हे 'इए' कायदेशीर केलं: घराला एक प्रमुख, लग्नाला त्याची संमती, बायको नवऱ्याच्या घराच्या नोंदवहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ मध्ये ती व्यवस्था कायद्यातून गेली. सवयीतून गेली नाही. नवरा-बायकोचं आडनाव एकच हवं हा नियम आजही आहे, ते कुणाचं घ्यायचं ते दोघांनी ठरवायचं, आणि ठरतं ते बहुतेक नेहमी नवऱ्याचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ आणि २०२१ मध्ये हा नियम घटनेला धरून असल्याचं म्हटलं.

शब्दही बघण्यासारखे आहेत. सून या अर्थाच्या 'योमे' शब्दाच्या चिन्हात 'बाई' आणि 'घर' शेजारी शेजारी आहेत. स्वतःच्या बायकोला 'कानाइ' म्हणायची पद्धत होती, अक्षरशः 'घराच्या आतली'. आपल्याकडे जुने लोक बायकोला 'आमचं कुटुंब' म्हणायचे, आणि लग्नात तांदळात लिहिलेलं नवं नाव घेऊन मुलगी सासरी यायची. म्हणून मराठी वाचकाला या कथा समजावून सांगाव्या लागत नाहीत असा माझा अनुभव आहे.

सायाका मुराता यांचं 'अर्थलिंग्ज' फार भयानक आहे असं ऐकलं. वाचू का?

विचार करून. २०१८ ची कादंबरी, इंग्रजी अनुवाद २०२० चा, गिनी टॅप्ली ताकेमोरी यांचा. यात लहान मुलीवर शिक्षकाकडून होणारा लैंगिक अत्याचार आहे, आईकडून होणारी हेटाळणी आहे, आणि शेवटाकडे जे होतं ते सरळ किळसवाणं आहे. अशा अनुभवातून गेलेल्या व्यक्तीने ही कादंबरी एकटीने, रात्री वाचू नये असं मी कळकळीने सांगते.

पण ती उगाच भडक नाही. नात्सुकी दर वर्षी 'ओबोन'ला आजी-आजोबांच्या डोंगरातल्या घरी जाते. ओबोन म्हणजे पितर घरी येण्याचे दिवस, आपल्या पितृपक्षाच्या जवळचा सण. त्यांना यायला-जायला काकडीचा घोडा आणि वांग्याची गाय करून ठेवतात. सगळे भाऊबंद जमतात, जेवणावळी होतात, आणि मेलेल्यांची एवढी सरबराई करणाऱ्या त्या घरात जिवंत मुलीने सांगितलेलं कुणी ऐकून घेत नाही. मग तिने आपण परग्रहावरच्या आहोत असं ठरवलं तर त्यात वेडेपणा किती? मोठी झाल्यावर तिला भोवतालचं शहर माणसांची पिल्लं तयार करणारा कारखाना वाटतं. 'गोड बातमी कधी' हा प्रश्न ज्यांनी दर समारंभात झेलला आहे, त्यांना तो कारखाना ओळखू येईल.

'रिंग' याच प्रकारात येते का?

थोडी. कोजी सुझुकींची ती कादंबरी १९९१ ची, आणि तिचा बाज रहस्यकथेचा आहे. पण त्यांचाच 'डार्क वॉटर' हा १९९६ चा संग्रह घ्या. त्यातल्या पहिल्या कथेत घटस्फोटित आई आणि तिची छोटी मुलगी, जुनी इमारत, गच्चीवर सापडलेली लहान मुलीची लाल पिशवी, आणि पाण्याची टाकी. नळाचं पाणी पोरीला प्यायला द्यावं की नाही, ही साधी काळजी कथाभर वाढत जाते.

सगळ्या लेखिकाच आहेत. पुरुषांनी असं लिहिलं नाही का?

सोसेकी वर आलेच. कोबो आबे यांचं १९६७ चं 'मित्र' हे नाटक जरूर वाचा. एकट्या राहणाऱ्या माणसाच्या घरात एक अख्खं अनोळखी कुटुंब घुसतं, आजीपासून नातवंडांपर्यंत. त्याला एकटेपणातून वाचवायला आल्याचं ते हसत हसत सांगतात. पोलीस येतात, त्यांना सुखी कुटुंब दिसतं, ते जातात. पुढचं सांगत नाही. आणि तोशिओ शिमाओ यांची 'मरणाचा काटा' ही आत्मचरित्रात्मक कादंबरी: नवऱ्याची डायरी बायकोच्या हाती लागते, त्याचं बाहेरचं प्रकरण कळतं, आणि तिथून तिचं मन फिरतं. ती रात्रंदिवस त्याची उलटतपासणी घेते, दोन लहान मुलं बाजूला उभी राहून ऐकतात. भुताचा मागमूस नाही. मी वाचलेल्यांत हे सगळ्यात भीतीदायक घर.

नात्सुको इमामुरांचं नाव ऐकलं. त्या भयकथा लिहितात का?

तसं कुणी म्हणणार नाही, पण माझ्या यादीत त्या आहेत. 'अहिरू', म्हणजे बदक, या कथेत एका घरात बदक आणतात. ते बघायला शेजारची मुलं येऊ लागतात, म्हाताऱ्या आईवडिलांच्या घरात गजबज होते. बदक आजारी पडतं, दवाखान्यात जातं, आणि परत येतं ते बदक वेगळंच असतं. घरातलं कुणीच तसं म्हणत नाही. त्यांच्याच 'धिस इज अमिको, डू यू कॉपी?' मध्ये आईचं बाळ मृत जन्मतं, आणि तिला बरं वाटावं म्हणून छोटी अमिको प्रेमाने एक भेट तयार करते: बाळाच्या थडग्यासाठी नावाची पाटी. आई ती बघते. त्यानंतर त्या घरात पूर्वीसारखं काही उरत नाही.

गरोदरपणात वाचावं का?

'प्रेग्नन्सी डायरी' तेवढी पुढे ढकला. बाकीचं तुमच्या मनावर.

मुलांना द्यायला चालेल?

हर्न यांच्या कथा बारा-तेराच्या पुढे आनंदाने द्या, आधी स्वतः वाचून. ओगावा, ओयामादा महाविद्यालयात गेल्यावर. 'अर्थलिंग्ज' मोठ्यांसाठीच.

जपानी नावांत आडनाव कुठलं?

जपानमध्ये आडनाव आधी येतं: ओगावा योको. इथे मराठी वाचकाच्या सवयीने नाव आधी लिहिलं आहे. उएदा आकिनारी, नात्सुमे सोसेकी अशा जुन्या लेखकांचं मात्र आडनावच आधी ठेवलं आहे, कारण त्यांना अनेकदा त्यांनी घेतलेल्या साहित्यिक नावाने ओळखतात. 'सोसेकी' हे आडनाव नाही, आडनाव नात्सुमे.

एकच काहीतरी वाचायला वेळ आहे. काय वाचू?

सोसेकींचं तिसरं स्वप्न. लेखकाच्या हक्कांची मुदत संपलेली असल्यामुळे मूळ जपानी मजकूर 'आओझोरा बुनको' या मोफत डिजिटल ग्रंथालयात आहे, आणि इंग्रजी अनुवाद एकाहून अधिक आहेत. दहा मिनिटं लागतील. घरी लहान मूल असेल तर ते झोपल्यावर वाचा, म्हणजे मधेच पाठुंगळी घे म्हणून मागे लागणार नाही.